कुशीवर वळवताना

प्रशिक्षणाच्या काळात मला माझ्या नावानं कमी आणि ‘आरोपी’ म्हणून जास्त हाका यायच्या. ‘आरोपी, जेवायला चल गं.’ ‘आरोपी, तुझा टॉवेल वाळलाय.’ हे नाव कसं पडलं, तर झटापटीच्या पहिल्याच तासाला उस्तादांनी मुलींच्या रांगेवरून नजर फिरवली, सगळ्यांत हलकी कोण ते हेरलं आणि मला बोट दाखवून मॅटवर बोलावलं. पोलिसांच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या सगळ्यांनाच उस्ताद म्हणतात, पण हे खरोखरच तालमीत वाढलेले होते. आष्टीकडचे, कान कुस्तीत चुरगळलेले. ‘हिला धरायची हाय असं समजा,’ ते म्हणाले. ‘ही हात देत न्हाई. पळू पाहते. आता काय करचाल?’

कुणी काही बोलायच्या आत माझं मनगट त्यांच्या हातात होतं. दुसरा हात माझ्या कोपराच्या जरा वर आला, त्यांनी एक पाय मागं घेऊन अर्धा गोल फिरवला, आणि माझं मलाच न कळता मी आधी गुडघ्यांवर आणि मग पालथी मॅटवर गेले. लागलं काहीच नाही. मला आठवतं, मी पडल्या पडल्या हसले होते.

‘माणूस पाडायचा न्हाई,’ उस्ताद रांगेला सांगत होते, ‘उतरवायचा. भरलेली घागर डोक्यावरनं कशी उतरवता? आपटता का? तसं.’

तेव्हापासून प्रात्यक्षिकाला मीच. उस्ताद कुठलाही डाव दाखवणार असले की मला बोलवायचे, आणि मग जोड्या लावल्या की माझी जोडी ठरलेली असायची. ती माजलगावकडची, कॉलेजच्या कबड्डी संघातली, माझ्यापेक्षा हातभर उंच. ती पोलीस, मी आरोपी. कधी अदलाबदल करायची म्हटली तरी मला तिला उतरवता यायचं नाही, तेवढ्यात तास संपायचा, म्हणून आम्ही तो नाद सोडून दिला. ती मनानं चांगली होती. मला पाडून झालं की माझ्या पाठीवरची धूळ स्वतः झटकायची.

पालथं पडल्यावर जग कसं दिसतं ते मला त्यामुळे इतरांपेक्षा जास्त कळलं. काहीच दिसत नाही, हे पहिलं. बूट दिसतात, मॅटची शिवण दिसते. आवाज येतात, पण कोण बोलतंय ते कळत नाही. हात पाठीमागं गेलेला असतो आणि तो आपला राहिलेला नसतो. मग माणूस आपोआप उठायला बघतो. त्याला पळायचं नसतं, नुसतं छातीखाली थोडी जागा हवी असते. वर बसलेल्याला मात्र वाटतं, हा अजून झटापट करतोय, आणि तो जास्त दाबतो.

एकदा माझ्या जोडीदारणीनं मला खाली घेतलं आणि बेडी लावायचं नाटक करताना तिचा गुडघा माझ्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये आला. दम कोंडला की हातानं मॅटवर थापटायचं, ही आमची खूण. माझा एक हात तिच्या पकडीत होता आणि दुसरा माझ्याच पोटाखाली अडकलेला. ओरडावं तर हवा आत असावी लागते. मी पाय आपटले. आजूबाजूच्या मुली हसायला लागल्या. ‘बघा बघा, आरोपी किती ॲक्टिंग करतेय.’ ते हसणं मला दूरवरून, भिंतीपलीकडून यावं तसं आलं.

उस्तादांना कळलं. त्यांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं आणि मला कुशीवर वळवलं. मी खोकत होते, नाकातून पाणी येत होतं, आणि ती कबड्डीवाली रडत होती. ‘मला वाटलं ती नाटक करतेय, उस्ताद. खरंच.’

‘ज्याचे दोन्ही हात अडकले, त्यानं सांगायचं कशानं?’ उस्ताद म्हणाले. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, पण त्या दिवशी चढला होता. ‘पालथ्या माणसाच्या पाठीवर बसायचं न्हाई. गुडघा खांद्याच्या बाजूला, जमिनीवर. बेडी लागली की कुशीवर घ्यायचं, मग बसतं करायचं. आन् हे सगळं करताना त्याच्याशी बोलत राहायचं. बोलला तर जिवंत हाय. गप झाला तर तो गरीब झाला असं समजू नका.’

मग शिट्टी झाली आणि आम्ही परेडला पळालो. पुढे परीक्षा आली. परीक्षेत किती झटक्यात खाली घेता याला मार्क होते, पकड बरोबर आहे का याला होते. कुशीवर घेण्याला नव्हते. म्हणून त्याचा सरावही कुणी केला नाही.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मी मोठ्या हौसेनं आईला अंगणात उभं केलं. माझे आईवडील दर साल ऊसतोडीला जायचे आणि मी मावशीकडे राहून शिकले, त्यामुळे मी काही शिकून आले की आईला ते दाखवायचं ही माझी जुनी सवय. मी तिचं मनगट धरलं, कोपराला हात लावला, आणि तिनं एकदम हात ओढून घेतला.

‘नको दाखवू.’

‘अगं, लागत नाही. उस्तादांनी शिकवलंय.’

‘ठाऊक हाय मला,’ ती म्हणाली. ‘टोळीतल्या भांडणात तुज्या बापाला तिघांनी असंच दाबलतं. फडातच. तोंड मातीत. मी बघत हुते.’ आणि ती चुलीकडे निघून गेली. वडील ओट्यावरच बसलेले होते. त्यांनी काहीच ऐकलं नसल्यासारखं केलं. मीही पुढे विचारलं नाही.

नोकरी लागली ती जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी. लग्न झालं, नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. मुलगी झाली. पोलिसाची नोकरी म्हटलं की लोकांना धरपकड दिसते, पण माझे दिवस मिरवणुकीच्या बंदोबस्तात, नवरा-बायकोच्या तक्रारींत आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर गेले. मॅटवर शिकलेलं वापरायची वेळ क्वचितच आली, आणि आली तेव्हाही नुसतं मनगट धरलं की काम व्हायचं. माझ्याबरोबर बहुतेक वेळा आमच्या हवालदार ताई असायच्या. निवृत्तीला टेकलेल्या, वजनानं भरलेल्या, गुडघ्यांनी बेजार. ठाण्यात बायकांची बाजू त्याच सांभाळायच्या. मला बाळंतपणानंतर रुजू झाल्यावर त्यांनी कधी उन्हात उभं केलं नाही, बंदोबस्तात स्वतःच्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून दिली. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून त्यांच्याबद्दल एकच एक मत होईल, आणि ते खरं नसेल.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. भरदुपारी फोन आला की बाजारात एक बाई लोकांना वजनं फेकून मारतेय. भाजीवाल्याच्या तराजूतली लोखंडी वजनं. आम्ही गेलो तेव्हा एका रिक्षाची काच फुटली होती, टोमॅटो रस्ताभर झाले होते, आणि लोकांनी चांगलं मोठं रिंगण करून तिला मध्ये घेतलं होतं. बाई तिशीतली असेल. केस सुटलेले, पायात एकच चप्पल. दोन्ही हातांत एकेक वजन. ती कुणाला शिव्या देत नव्हती. ‘मागं सरा, मागं सरा,’ एवढंच म्हणत होती.

तिचा भाऊ रिंगणाबाहेर आमच्या शिपायाला हात जोडत होता. गावात त्याचं साड्यांना फॉल-पिको करायचं छोटं दुकान होतं. ‘बहीण हाय माजी, साहेब. नांदूरघाटकडं दिली हुती, आता आमच्याकडंच असते. डोक्याच्या गोळ्या चालू हायत. संपल्यात चार रोजापासून. मारू नका तिला.’ शिपाई त्याला मागं ढकलत होता आणि गर्दीवर ओरडत होता, ‘बाजूला व्हा बे! तमाशा हाय का?’

मी हात मोकळे दाखवत पुढे गेले. ‘ताई, मी कुणालाच तुमच्याजवळ येऊ देत नाही,’ मी म्हणाले. ‘बघा, मीच मध्ये उभी आहे. हात दुखत असतील. एक वजन खाली ठेवा.’

तिनं माझ्याकडं बघितलं. ‘ती माणसं हसतात कावून?’

‘त्यांना घालवते मी.’

तिनं वाकून एक वजन रस्त्यावर ठेवलं. फेकलं नाही, ठेवलं. अजून थोडा वेळ मिळाला असता तर दुसरंही ठेवलं असतं, असं मला आजही वाटतं. पण गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली, लोक हसले, आणि तिचा हात पुन्हा वर गेला. माझ्यावर उगारलेला होता की गर्दीवर, मला सांगता येणार नाही. ताई तिच्या मागून आल्या होत्या, ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी दोन्ही हातांनी तिला मिठी मारली आणि स्वतःच्या सगळ्या वजनासकट पुढे झुकल्या.

मी तिचा वजन धरलेला हात पकडला आणि जेवढं जमलं तेवढं तिला उतरवलं. तोंड आपटू दिलं नाही, एवढंच. वजन तिच्या मुठीतून सुटून घरंगळत गेलं. ती पालथी पडली, ताई तिच्या पाठीवर, गुडघा तिच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये. ती ओरडत होती, उठायला बघत होती, ताई ‘गप, गप, गप’ म्हणत दाबत होत्या. मी तिचा हात धरून तिच्या डोक्याशी बसले होते. ‘दम... दम...’ असं काहीतरी ती म्हणाली. आणि मग तिनं ओरडणं थांबवलं.

‘झाली गार,’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘सोडू नको,’ ताई धापा टाकत म्हणाल्या. ‘नाटक करतेय.’

माझ्या हातातलं मनगट हलकं झालं होतं. विरोध करणारा हात आणि सोडून दिलेला हात यात किती फरक असतो, हे ज्यानं दोन्ही धरलेत त्यालाच कळतं. ‘ताई, उठा,’ मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकू गेलं नाही. मी दोन्ही हात त्यांच्या खांद्यांना लावले आणि सगळ्या जोरानं ढकललं. त्या मागे टोमॅटोंत बसल्या. गर्दीत हशा पिकला. मी त्या बाईला कुशीवर घेतलं. तोंडात धूळ होती, ओठ जांभळे पडले होते. मी बोटानं धूळ काढली, पाठ चोळली, हाका मारल्या. काही नाही. मग गालावर मारलं. एकदा हळू, मग जोरात, मग आणखी जोरात.

तिचा श्वास आला तो करवतीसारखा आवाज करत. डोळे उघडले, आणि अगदी जवळून, वीतभर अंतरावरून, तिनं माझ्याकडं पाहिलं. माझा हात पुढच्या फटक्यासाठी वर होता.

आम्ही तिला बसतं केलं, पाणी पाजलं, गाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. भाऊ शेजारी बसला होता. तिथून तिला अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयात नेलं आणि तिच्यावर नीट उपचार सुरू झाले.  ताईंच्या युनिफॉर्मच्या पँटला टोमॅटोचे डाग पडले होते, ते त्या गाडीत रुमालानं पुसत राहिल्या.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर झाला होता. ज्यानं काढला त्यानं मोबाईल उशिरा काढला असावा, किंवा सुरुवातीचं कापलं असावं. त्यात एवढंच होतं: रस्त्यावर आडवी पडलेली एक बाई, आणि तिच्या थोबाडीत मारणारी पोलीसवाली. चेहरा माझा, स्पष्ट. नवऱ्याच्या शाळेच्या ग्रुपवर तो आला तेव्हा तो वर्गात होता. घरी आल्यावर त्यानं चप्पल काढायच्या आधी विचारलं, ‘असं का मारलंस गं तिला?’ मी सगळं सांगितलं. त्याचा माझ्यावर विश्वास बसला. पण आधी त्यानं प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्न मला बरेच दिवस टोचत राहिला.

आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी जे झालं ते सांगितलं, तरी ताईंचा गुडघा कुठं होता हे गाळलं. ताई बाहेरच होत्या. मी म्हणाले, ‘पालथी असताना त्यांचा श्वास कोंडला होता, सर. मी कुशीवर घेतलं. शुद्धीवर आणायला मारलं.’

‘कोंडला कशानं?’

‘वजनानं.’

 साहेब पुढे विचारतील असं मला वाटलं. ‘बरं,’ ते म्हणाले. ‘काही दिवस बाजाराच्या ड्यूटीला जाऊ नका.’

काही आठवड्यांनी ती बाई भावाबरोबर ठाण्यात आली. औषधांनी चेहरा जरा सुजल्यासारखा, पण केस विंचरलेले, पदर नीट. भावाला कुणीतरी तक्रार द्यायला लावलं होतं. साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, ‘तुम्हाला त्या दिवशी कुणी मारलं ते आठवतं का? भिऊ नका, सांगा.’

ठाण्यात आम्ही पाचसहा जण उभे होतो. ताई पाण्याच्या माठापाशी. त्या बाईची नजर ताईंवरून सरळ निघून गेली, जणू तिथं कुणी नव्हतंच. ती माझ्यावर येऊन थांबली आणि तिनं खुर्ची मागे सरकवली.

‘ही,’ ती म्हणाली. ‘हिनंच. लई मारलं.’

मी ताईंकडं बघितलं. त्यांनी माठातून पेलाभर पाणी घेतलं, प्यायल्या, पेला विसळून पालथा ठेवला.  साहेबांनी भावाला बाजूला घेऊन समजावलं, बहिणीचा जीव वाचला हे बघा म्हणाले, मला तोंडी समज दिली, आणि प्रकरण मिटलं. माझ्या नोकरीवर काही आलं नाही. एखाद्यानं म्हटलं असतं, सुटलीस.

दोन-तीन दिवसांनी मी आणि ताई ठाण्यामागे चहा पीत होतो. मी ठरवून काही बोलत नव्हते. त्याच म्हणाल्या, ‘तू मला ढकललंस. चार लोकांत. माझ्या नोकरीत मला कुणी असं पाडलं नव्हतं. ते मी सांगितलं का साहेबांना?’

 त्या माझ्यावर उपकार केल्यासारखं बोलत होत्या, आणि त्यांच्या दृष्टीनं तो उपकारच होता.

‘ताई, ती मेली असती.’

त्यांनी कपातला चहा हलवला. ‘माझा गुडघा कुठं होता ते मलाच कळलं नाही गं,’ त्या हळू म्हणाल्या. ‘पाय सुन्न असतो माझा. मला वाटलं जमिनीवर आहे.’ मग थोड्या वेळानं: ‘मला झोप लागत नाही. पण साहेबांपुढं कबूल करा म्हणू नको मला. ह्या वयात नाही होत.’

त्यांनी ते साहेबांपुढं शेवटपर्यंत म्हटलं नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी त्यांना साडी दिली, त्यांनी माझ्या मुलीच्या हातावर पेढा ठेवला. आम्ही भांडलो नाही. पण मी त्यांच्या डब्यातली भाकरी त्यानंतर कधी खाल्ली नाही. भूक नाही म्हणायचे.

फॉल-पिकोचं दुकान माझ्या मुलीच्या शाळेच्या रस्त्यावर. ती बाई बरी होत गेली तशी भावाच्या दुकानात बसायला लागली, मशीनवर. मी मुलीला आणायला जायचे ते साध्या साडीत, कधी पंजाबी ड्रेसमध्ये. तरी ती ओळखायची. मी वळणावर दिसले की तिचं मशीन थांबायचं. ती उठून आतल्या पडद्यामागे जायची. पडद्याखाली तिचे पाय दिसायचे. मी पुढे गेले की काही वेळानं पुन्हा मशीनचा आवाज सुरू व्हायचा. हे रोज. नवरा म्हणाला, दुसऱ्या रस्त्यानं जात जा. मला ते पटेना. मी तिला वाचवलं होतं, आणि मीच का तोंड लपवायचं? तेव्हा माझ्या मनात तसंच होतं, स्वतःच्या बाजूनंच.

म्हणून एका दुपारी मी दुकानात गेले. भाऊ गिऱ्हाइकाशी बोलत होता, तो दचकला. मी म्हणाले, ‘मला फक्त यांच्याशी दोन शब्द बोलायचेत. तुम्ही इथंच थांबा.’ ती मशीनमागे भिंतीला टेकून उभी राहिली. मी पायरीच्या आत गेले नाही.

‘त्या दिवशी मीच होते,’ मी म्हणाले. ‘मी मारलं, हेही खरं. पण त्याआधी तुमच्या पाठीवर दुसरं कुणीतरी होतं. तुमचा श्वास बंद पडला होता. तो यावा म्हणून मारलं.’

 हातातल्या साडीचा काठ ती बोटानं उलगडत आणि मिटत होती.

‘पाठीवर कोण हुतं ते मला कसं दिसंल?’ ती म्हणाली. ‘पाठीला डोळे न्हाईत मॅडम.’

‘नाही. म्हणून तर सांगायला आले.’

‘आवाज द्यायचा हुता. मारलं कावून?’

‘दिला. खूप दिला.’

‘मला न्हाई आला ऐकू.’ ती माझ्याकडं न बघता बोलत होती. ‘दादा बी सांगतो, मॅडमनी वाचिवलं म्हणून. खरं असंल. तुमी खोटं कावून बोलाल? पण तुमी दिसला की माजे हात गार पडतात. सुई बोटात जाती.’ तिनं बोट दाखवलं. नखाशेजारी खरंच काळा डाग होता. ‘तुमी इकडनं येऊ नका. लई उपकार व्हतील.’

मी बरं म्हणाले आणि पायरी उतरले. घरापर्यंत मला राग येत होता, आणि तो कुणावर हे कळत नव्हतं. तिच्यावर नव्हता. तिची बाजू मला पटली होती, हेच तर अवघड होतं. मॅटवरच्या हसणाऱ्या मुलींची तोंडं मला कधी दिसलीच नव्हती, तरी त्या आवाजांवर मी कित्येक दिवस रुसले होते. तिनं तर माझा चेहरा पाहिला होता.

त्यानंतर मी तलाठी कार्यालयावरून, मागच्या बोळातून शाळेत जायला लागले.

पावसाळा संपता संपता तिचा भाऊ आमच्या घरी आला. बायकोलाही घेऊन आला होता. मला वाटलं, पुन्हा काही तक्रार. तो पाटाच्या कडेवर बसला आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, ‘मॅडम, तिला परत थोडं थोडं व्हायलंय. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात. गुण यायला वेळ लागंल म्हणाले. मधेच अंगावर येती, पोरांकडं धावती. आमी दोघंच असतो.’

‘मग मला फोन करा.’

‘तसं न्हाई,’ तो अवघडून म्हणाला. ‘पोलिसांना बोलवायचं न्हाई मला. राग मानू नका. तुमी तिला त्या दिशी कुशीवर घेतलतं, ते कसं करायचं, ते आमाला शिकवा. म्हंजे तिला लागणार न्हाई. कुणाला बोलवायची पाळी येणार न्हाई.’

माझा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. नियमात हे बसतं का, मला ठाऊक नव्हतं. मी सतरंजी अंथरली.

आधी मी त्याला धरायचं शिकवलंच नाही. दार मोकळं ठेवा, पोरांना बाहेर काढा, विळी-कात्री नजरेआड ठेवा, एकट्यानं बोला, दोघांनी एकदम नाही, हे सांगितलं. तो मान हलवत राहिला. ‘आन् तरीबी ऐकलं न्हाई तर?’ म्हणाला. तेव्हा मी त्याच्या बायकोला आडवं व्हायला सांगितलं. ती लाजत, पदर खोचत पालथी झाली. मी तिच्या बाजूला बसले, माझे गुडघे सतरंजीवर कुठं टेकलेत ते त्याला दाखवलं, एक हात तिच्या खांद्याला, एक कमरेला लावला आणि तिला आपल्याकडे वळवलं. ‘पाठीवर भार नाही. कधीच नाही. आणि सारखं बोलत राहायचं. ती बोलतेय का बघायचं.’

मग तो बसला. शिलाई करणाऱ्याचे हात, नाजूक. त्यानं बायकोच्या खांद्याला हात लावला आणि तोल जाऊन त्याचा दुसरा हात तिच्या पाठीवर पडला. क्षणभरच. ती झटकन उठून बसली.

‘काय झालं वहिनी? लागलं का?’ मी विचारलं.

‘लागलं न्हाई.’ ती पदर सावरत होती, पण श्वास भरला होता. ‘काई दिसत न्हाई की वो खाली. तिला असंच झालं आसंल का?’

मी हो म्हणाले.

‘मला न्हाई जमायचं हे,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘तुमी शिका. मी पोरं घेऊन बाहेर जाईन.’

ती पुन्हा आडवी झाली नाही. तिचा नवरा लोडावर सराव करत राहिला, आणि मी शेजारी बसून त्याचा गुडघा कुठं पडतोय ते बघत राहिले. दोनदा चुकीचा पडला. दोनदा मी सांगितलं. जाताना तो म्हणाला, ‘गोळ्याच वेळेवर आणायच्या मॅडम. हे नकोच.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘हे नकोच.’

त्याला कधी ते करावं लागलं की नाही, मला माहीत नाही. बाजारात भेटतो तेव्हा मी विचारते, ‘बहीण कशी आहे तुमची?’ तो म्हणतो, बरी हाय. मी जास्त विचारत नाही, तोही जास्त सांगत नाही.